काळा रस्सा आधी जमत होता, आता का बिघडतोय? (आणि संक्रांतीला सासू-सासऱ्यांना मिसळ खायला कुठे न्यावं?)

आंबोळी
४ जानेवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण खरंच अडलंय. मी मूळची रत्नागिरीची, लग्नानंतर आठ वर्षं ठाण्यात आणि आता जूनपासून नवऱ्याच्या नोकरीमुळे नाशकात, पाथर्डी फाट्याजवळ. सासर सटाण्याकडचं. माहेरी आमच्याकडे रस्सा म्हटलं की ओल्या नारळाचं वाटण, त्यामुळे सुकं खोबरं, भाजलेला कांदा, काळा मसाला हे सगळं मी इथे येऊनच शिकले. ठाण्याला सासूबाई यायच्या तेव्हा त्याच करायच्या, मी पोळ्या लाटायचे आणि पोटभर खायचे.

तर झालंय असं की सप्टेंबरमध्ये मी पहिल्यांदा एकटीने शेवभाजी केली, सासूबाईंनी दिलेला काळा मसाला होता, कांदा-खोबऱ्याचं वाटण त्यांनी फोनवर सांगितलं तसं केलं, आणि ती इतकी छान झाली की नवऱ्याने तीन भाकरी खाल्ल्या आणि शेवटी वाटीत उरलेला रस्सा नुसता प्यायला. त्याला लहानपणी शाळेतून आल्यावर हेच मिळायचं, रस्सा आणि त्यात कुस्करलेली बाजरीची भाकरी, त्यामुळे त्याच्यासाठी ती नुसती भाजी नाही. ऑक्टोबरमध्ये दोनदा केली, दोन्ही वेळा जमली. मला वाटलं आता हात बसला.

आणि डिसेंबरपासून तीनदा केली, तिन्ही वेळा बिघडली. मसाला तोच, डबा तोच, फ्रीजमध्येच असतो. कांदा लालसर व्हायला खूप वेळ लागतो, मग मी गॅस मोठा करते, त्यातच शेवटी खोबरं टाकते, मिक्सरला लावते, तेलात परतते, तिखट, मसाला, पाणी, दहा मिनिटं उकळी आणि मग शेव घालून झाकण. रस्सा कडवट लागतो, पातळ होतो, वर तर्री येतच नाही, आणि शेवेचा तर पूर्ण लगदा होतो. काल तर मुलांनी एक घास खाऊन वरणभात मागितला. नवरा काही बोलला नाही, खाल्लं त्याने, पण मला कळलं.

भोगीला सासू-सासरे येणारेत, चार दिवस राहतील. सासूबाईंना यंदा स्वयंपाकघरात उभं राहू द्यायचं नाही असं मी ठरवलंय, त्यांचे गुडघे फार दुखतात. त्यामुळे भोगीच्या आत हे सुधारायचंय. कुठे चुकतंय सांगा ना कुणीतरी.

आणि दुसरं म्हणजे एक दिवस सकाळी सगळ्यांना मिसळ खायला न्यायचंय. सासऱ्यांना फार तिखट चालत नाही, मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत. मागच्या महिन्यात आम्ही हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात (नाव नको) शेवभाजी मागवली तर काजूची गोडसर ग्रेव्ही आणि वर लाल रंग, शेव म्हणजे चिवड्यातली बारीक. असं परत नको. साधं, बसून निवांत खाता येईल असं ठिकाण सांगा.

---

बागलाणकर
४ जानेवारी, रात्री ११:०२

रामराम ताई. तुमची पोस्ट दोनदा वाचली. मसाला तोच, हात तोच, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि डिसेंबरात बदललं काय? कांदा बदलला.

आमच्या घरी कांदा पिकतो म्हणून सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला तुम्ही बाजारातून जो आणला तो उन्हाळ कांदा. तो मार्च-एप्रिलात काढतात, चाळीत भरतात आणि दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून विकतात. त्याच्यात पाणी कमी असतं म्हणून तर तो पाच-सहा महिने टिकतो. रंगाने जरा फिका, विटकरीसारखा, सालं जास्त. नोव्हेंबर-डिसेंबरला बाजारात नवा लाल कांदा येतो, त्याला आम्ही पोळ कांदा म्हणतो, त्याच्यामागून रांगडा येतो. हा दिसायला गडद लाल, चकचकीत, साल पातळ आणि आत पाणीच पाणी. कोशिंबिरीला, भज्याला, कच्चा खायला एकदम भारी. पण वाटणाला तोच कांदा त्याच मापाने घेतला की सगळं गणित चुकतं.

आता तुमचंच बघा, कांदा लालसर व्हायला वेळ लागतो असं तुम्ही स्वतः लिहिलंय. वेळ लागतो कारण आधी पाणी आटायला पाहिजे. तुम्ही गॅस मोठा केला, कडा जळाल्या, पोटात कांदा कच्चाच. त्याच तापलेल्या कढईत खोबरं टाकलं, ते तर अर्ध्या मिनिटात करपतं. तिथून कडवटपणा आला. वाटणात पाणी राहिलं म्हणून रस्सा पातळ. आणि ओलं वाटण तेलात कितीही परता, ते तेल सोडत नाही, तेल सुटलं नाही तर तर्री कुठून येणार? तीन तक्रारी आहेत पण मूळ एकच आहे.

उपाय सांगतो. कुठे जुना उन्हाळ कांदा मिळाला तर बघा, या दिवसात महाग असतो आणि कोंब आलेला असतो, पण वाटणापुरता पाव किलो घ्यायला हरकत नाही, कोंब काढून टाका. नाही मिळाला तर लाल कांदा उभा पातळ चिरून गॅलरीत कापडावर दोन-तीन तास उन्हात पसरा. सध्या ऊन कोरडं आहे, छान सुकतो. मग कढईत तेल न घालता मंद आचेवर आधी त्याचं पाणी जाऊ द्या, खाली चिकटायला लागला की मग चमचाभर तेल. घाई करू नका, चार कांद्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतातच.

आणि सगळ्यात चांगलं म्हणजे अख्खा कांदा सालासकट गॅसवर जाळीवर ठेवा, बाहेरून पूर्ण काळा होऊ द्या, थंड झाल्यावर वरची जळकी सालं काढून टाका. आत मऊ, गोड आणि धुराचा वास लागलेला. आमच्या शेतात अजून शेकोटीच्या निखाऱ्यात असाच भाजतात. पण हा भाजलेला कांदासुद्धा चिरून दोन मिनिटं कोरडा परता, पाणी सोडतोच.

टोमॅटो घालू नका. काळ्या रश्शात टोमॅटोचं काम नाही.

---

सिडकोवाली
५ जानेवारी, सकाळी ७:४०

बागलाणकर दादांचं कांद्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, मी इतकी वर्षं डिसेंबरात कांदा उन्हात टाकते पण का ते आज नीट कळलं, माझी आई टाकायची म्हणून मी टाकते एवढंच माहीत होतं.

टोमॅटोचं मात्र पटलं नाही दादा, मी अर्धा घालते, रश्शाला जरा आंबट बाजू लागते आणि तिखट बोचत नाही. असो, ज्याच्या त्याच्या घरची पद्धत.

आंबोळी, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करते. खोबऱ्याचं सांगते कारण निम्मं कडू तिथेच होतं. कांदा आणि खोबरं कधीच एकत्र भाजायचं नाही. खोबरं किसून घे, तुकडे नको, तुकडे बाहेरून काळे आणि आतून पांढरे राहतात. लोखंडी तवा, गॅस बारीक, हात थांबवायचा नाही. बदामाच्या सालाचा रंग आला की लगेच ताटात काढ, तव्यात ठेवून गॅस बंद केला तरी तवा तापलेला असतो आणि ते पुढे भाजत राहतं. आपला रस्सा काळा म्हणतात पण काळेपणा मसाल्याचा आणि मंद भाजण्याचा असतो, जाळण्याचा नाही. लसूणही तसाच, करपला की गेला. चमचाभर खसखस आणि चमचाभर तीळ भाजून वाटणात घाल, रस्सा मिळून येतो.

आता फोडणी. चार जणांना अर्धी वाटी तेल लागतं, हात आखडून तर्री येत नाही. तेलात वाटण घालून मंद गॅसवर इतकं परत की गोळा कडेने तेल सोडायला लागेल आणि कढईला चिकटणार नाही. मग गॅस अगदी बारीक करून लाल तिखट, हळद, दोन चमचे काळा मसाला. तिखट तेलातच पडायला हवं, पाण्यात नाही, कारण मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात तेवढा उतरत नाही. फक्त अर्धं मिनिट, तिखट लगेच जळतं. जळायला लागलं असं वाटलं तर दोन चमचे पाणी शिंपड. रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला थोडी लवंगी असं मिसळून घे, मुलांसाठी नुसती ब्याडगी.

मग पाणी. उकळतं पाणी घाल. शेजारच्या शेगडीवर पातेल्यात उकळत ठेवायचं आणि तसंच ओतायचं. गार पाणी ओतलं की तापलेलं सगळं एकदम थंड होतं आणि तवंग नीट धरत नाही. उकळी आली की गॅस बारीक करून पंधरा मिनिटं, झाकण अर्धवट. खळखळ उकळत ठेवू नको, सगळं तेल आत मिसळून जातं.

सासऱ्यांसाठी असं कर, तिखट घालायच्या आधी परतलेल्या वाटणाचा थोडा भाग दुसऱ्या पातेलीत काढ आणि त्यात नुसता काळा मसाला आणि चिमूटभर तिखट. वेगळा स्वयंपाक करायला नको.

आणि शेव रश्शात उकळायची नसते गं! जाड तिखट शेव घ्यायची, दुकानात "भाजीची शेव द्या" म्हटलं की देतात. सगळे पानावर बसल्यावर वाटीत शेव, वरून गरम रस्सा. बेसनच ते, दहा मिनिटं झाकून ठेवलंस तर फुगून लगदा होणारच.

अजून एक, भोगीला सासूबाई येतायत तर त्या दिवशी शेवभाजी कशाला? भोगीची मिसळभाजी कर, वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, बोरं, उसाचे दोन करवे, वर तिळाचं कूट, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. वाटण हेच. शेवभाजी दुसऱ्या दिवशी रात्री कर.

आणि थंडी आहे तर एक रात्र शेंगोळे कर. करून बघ, मग सांगते कसे.

---

ताटवाटी
५ जानेवारी, दुपारी ३:२०

माझी छोटी खानावळ आहे, अंबडला कंपन्यांच्या बाजूला, अकरा वर्षं झाली. दुपारची गर्दी संपली म्हणून आता लिहितोय. वरच्या दोघांनी जे सांगितलं तेच आम्ही मोठ्या पातेल्यात करतो, फक्त थोडं धंद्याच्या बाजूने सांगतो कारण "हॉटेलसारखं घरी का होत नाही" असं मला गिऱ्हाईक रोज विचारतं.

पहिलं म्हणजे हॉटेलचा रस्सा ताजा नसतो आणि ते चांगलं आहे. आम्ही सकाळी सहाला रस्सा चढवतो आणि साडेबाराला वाढतो. मधले पाच-सहा तास तो बारीक आचेवर किंवा नुसता झाकून मुरत असतो. खोबरं, खसखस, मसाला सगळं पाण्यात उतरतं आणि तेल आपोआप वर येऊन बसतं. तुम्ही घरी साडेसातला चालू करून साडेआठला ताटात घेता, त्यात आमचा काही मंत्र नाही, वेळ आहे. तेव्हा दुपारीच रस्सा करून ठेवा, रात्री फक्त गरम करा. माझ्या मते एवढ्याने अर्धा फरक पडेल.

दुसरं वाटणाचं. आम्ही आठवड्याचं वाटण एकदम करतो, दर वेळी चार कांदे भाजत बसत नाही. घरी पण एका रविवारी किलोभर कांदा आणि पाव किलो खोबरं भाजून, पाणी शक्य तितकं कमी घालून वाटून तेलात पूर्ण परतून घ्या आणि डब्यात भरून फ्रीजला ठेवा, वर बोटभर तेल राहू द्या. आठ दिवस आरामात जातं. मग ऑफिसमधून आल्यावर मटकी असो, वांगं असो, अंडी असोत, अर्ध्या तासात जेवण. मी तर म्हणतो घरी रोजच्या रोज पोटभर आणि चवीचं खायचं असेल तर हीच एक तयारी आहे, बाकी सगळं त्याच्यावर उभं राहतं.

तिसरं, रस्सा पातळ झालाच तर फुटाण्याची डाळ, म्हणजे डाळं, दोन चमचे बारीक पूड करून लावा. कच्चं बेसन लावू नका, त्याला वास येतो. बटाटा कुस्करूनही चालतो.

तुम्ही त्या हॉटेलचं लिहिलंय, काजू आणि रंग, ते वाचून वाईट वाटलं. सगळे तसे नाहीत. तुम्ही हॉटेलात गेलात की आधी विचारत जा, शेव कुठली आहे आणि रस्सा काळ्या मसाल्याचा आहे का. ज्याच्याकडे खरा असतो तो खुशीने सांगतो, वाटीभर चवीला पण देतो. आणि ताटात भाकरी मागा. जिथे बाजरी-ज्वारीची भाकरी समोर थापून मिळते तिथे रस्सा बहुतेक वेळा चांगलाच असतो, कारण तिथे जेवायला गावाकडचं गिऱ्हाईक येतं आणि ते गिऱ्हाईक फसत नाही.

---

गोदाकाठ
५ जानेवारी, रात्री ९:१०

मी खाणारा माणूस आहे, करणारा नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

नाशकात मिसळ खायची म्हणजे दोन प्रकारची मजा आहे, एक गावातली आणि एक गावाबाहेरची. गावातली म्हणजे पंचवटी कारंज्यावरची अंबिका वगैरे, छोटी जागा, गर्दी, टेबल मिळालं की बसायचं, खायचं, उठायचं. मी कॉलेजपासून जातो, मला तीच आवडते, रामकुंडावरून चालत यायचं आणि भूक लागलेली असते. पण तुमच्याबरोबर गुडघे दुखणाऱ्या काकू आणि दोन मुलं आहेत तर सुट्टीच्या दिवशी तिथे नेऊ नका, उभं राहावं लागेल आणि त्यांना ते अवघड जाईल.

तुम्हाला गावाबाहेरची बरी. गंगापूर-सातपूर लिंक रोडच्या बाजूला साधना आहे, चुलीवरची मिसळ, ती तर आता बाहेरगावचे लोकही शोधत येतात. गंगापूर रोड, मखमलाबाद, त्र्यंबक रोड या सगळ्या बाजूंना मोकळ्या जागेतल्या मिसळी झाल्यात, कुठे द्राक्षाचा मळा शेजारी, कुठे झाडाखाली टेबलं, मुलांना पळायला जागा असते आणि ज्येष्ठांना टेकून बसता येतं. फक्त शनिवार-रविवार दहा-साडेदहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. साडेआठला पोचा. किंवा भोगीनंतर तुमच्या घरी पाहुणे आहेतच तर मधल्या वारी जा, एकदम निवांत.

आता सासऱ्यांचं. नाशिकच्या मिसळीचं मला सगळ्यात आवडतं ते हे की ती ताटात वेगवेगळी येते. मटकी एका बाजूला, वर शेव-फरसाण, कांदा, लिंबू, दही, पापड, आणि रस्सा वेगळ्या वाटीत. म्हणजे ज्याला जेवढं झेपतं तेवढा रस्सा त्याने घ्यावा. काकांना आधी कोरड्या मटकीत दही मिसळून द्या, मग चमचा चमचा रस्सा. बऱ्याच ठिकाणी बाजूला जिलेबी मिळते, मुलांचं काम होतं. तिखट लागलं म्हणून पाणी पिऊ देऊ नका, दही नाहीतर ताक द्या.

मी स्वतः शेवटी पाव संपल्यावर उरलेल्या रश्शात पापड चुरतो आणि ते चमच्याने खातो, ते माझ्या हिशोबाने सगळ्यात चांगले चार घास असतात. बाहेर साडेनऊचं ऊन, अंगावर स्वेटर, तोंड पोळलेलं आणि त्यावर चहा. गेली तीन वर्षं मी पुण्यात नोकरीला आहे, महिन्यातून एकदा येतो आणि रविवारी सकाळी हे असतंच, ते केल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटत नाही.

परत येताना मेन रोडला गेलात तर सायंताराचा साबुदाणा वडा घ्या, गरम असतानाच खा. आणि गावी परत जाताना सासूबाईंबरोबर कोंडाजीचा चिवडा बांधून द्या.

---

वरणबट्टी
६ जानेवारी, सकाळी ११:३५

सगळ्यांनी छान लिहिलंय पण मी जरा वेगळं म्हणेन. ताई, तुमच्या सासूबाई आयुष्यभर काळा रस्साच करत आणि खात आल्यात. त्यांना चार दिवसात एकदा तरी तुमच्या माहेरचं करून घाला. माझी सून कारवारकडची आहे, पहिल्या वर्षी ती सारखी आमच्यासारखं करायचा प्रयत्न करायची आणि घाबरायची. मग एकदा मीच म्हटलं बाई तुझ्या आईसारखं सार कर, नारळाच्या दुधाचं. तेव्हापासून आमच्या घरी दर मंगळवारी तेच असतं आणि माझे मिस्टर वाट बघतात. शेवभाजी शिका, जरूर शिका, पण परीक्षा समजू नका.

---

आंबोळी
९ जानेवारी, रात्री ९:५०

झाली!!! आज झाली!!

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. नीट सांगते कारण पुढे कुणी वाचलं तर उपयोगी पडेल. परवा भाजीवाल्याकडे जुना कांदा विचारला, त्याच्याकडे नव्हता, म्हणून लाल कांदाच घेतला. काल सकाळी सहा कांदे चिरून गॅलरीत कापडावर पसरले, दुपारी दोनपर्यंत इतके आकसले की मला वाटलं कबूतरांनी नेले. मग कोरडे परतले, आधी नुसता घाम सुटल्यासारखं पाणी आलं आणि गेलं, बरोबर बावीस मिनिटं लागली, गॅस एकदाही मोठा केला नाही. खोबरं किसून वेगळ्या तव्यावर. डिसेंबरमधल्या माझ्या खोबऱ्याचा रंग आठवला तर ते सरळ कोळशासारखं होतं, आज फरक डोळ्याने दिसला. वाटण करून कालच परतून ठेवलं.

आज दुपारी तीनला रस्सा केला, तिखट तेलात, उकळतं पाणी, बारीक गॅस, आणि झाकून ठेवून दिला. सहा वाजता झाकण काढलं तर वर लाल-काळा तवंग असा गोल बसलेला की मी फोटो काढून सासूबाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, म्हणाल्या कांदा उन्हात टाकला होतास ना? म्हणजे त्यांना माहीत होतं! मी विचारलं मग सांगितलं का नाही, तर म्हणाल्या अगं सप्टेंबरात कुठे टाकावा लागतो, म्हणून तेव्हा सुचलंच नाही.

अर्धा टोमॅटो घातला नाही, बागलाणकर दादा जिंकले यावेळी, पण सिडकोवाली काकू पुढच्या वेळी तुमच्या पद्धतीने करून बघणार आहे. मुलांचा रस्सा आधी वेगळा काढला, मोठीने दोनदा मागून घेतला. नवऱ्याने भाकरी कुस्करली आणि पहिला घास खाऊन नुसतं माझ्याकडे बघितलं. पुरे मला तेवढं.

मिसळीला बुधवारी सकाळी साडेआठला जायचं ठरलंय, लिंक रोडलाच. आणि वरणबट्टी काकू, तुमचं वाचून मी रात्री बराच वेळ विचार करत होते. एका रात्री सोलकढी, भात आणि काळ्या वाटाण्याची उसळ करणार, आईला फोन करून आमसुलं मागवलीत.

काकू, शेंगोळ्यांचं राहिलं. काय असतं ते?

---

सिडकोवाली
९ जानेवारी, रात्री १०:३०

वाचून फार बरं वाटलं गं.

शेंगोळे तुला परके नाहीत. तुमच्याकडे कुळथाची पिठी करतात ना? त्याच कुळथाला आम्ही हुलगे म्हणतो. तुमची पिठी पातळ, आमचे त्याच पिठाचे वळलेले तुकडे, रश्शात शिजवलेले. हुलग्याचं पीठ दोन वाट्या, त्यात अर्धी वाटी ज्वारीचं नाहीतर गव्हाचं पीठ म्हणजे तुटत नाहीत. भरपूर लसूण, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर वाटून त्यात घाल, हळद, मीठ, चमचाभर तेल, आणि घट्ट मळ, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. हाताला तेल लावून पोळपाटावर करंगळीएवढी वळी कर आणि गोल वेढा घालून टोकं चिकटव. सासूबाईंना गुडघ्याचं दुखणं आहे, हाताचं नाही, त्यांना खुर्चीवर बसवून वळायला दे, मुलांनाही दे, गप्पा मारत होतात.

कढईत फोडणीला लसूण जास्त, लाल होऊ दे, मग चार-पाच वाट्या पाणी, मीठ, थोडा काळा मसाला. पाणी खळखळ उकळल्याशिवाय शेंगोळे सोडायचे नाहीत, नाहीतर सगळे विरघळून तुमची पिठीच होईल. सोडल्यावर पाच मिनिटं चमचा लावू नको. वीस मिनिटात शिजतात, एक तोडून बघ, आत पांढरं पीठ दिसायला नको. उरलेलं थोडं पीठ पाण्यात कालवून वर ओत, रस्सा दाट होतो. वाढताना वरून कच्चं तेल, बाजूला कांदा. भाकरी लागतेच असं नाही, नुसते वाडगाभर खाल्ले तरी जेवण होतं.

---

बागलाणकर
१० जानेवारी, सकाळी ६:५५

ताई अभिनंदन. सटाण्याहून सासू-सासरे निघतील तेव्हा त्यांना सांगा घरात उन्हाळ कांदा उरला असेल तर पिशवीभर घेऊन या. गावाकडे कुणाच्या ना कुणाच्या चाळीच्या तळाशी थोडा असतोच. आणि आता लिहून ठेवा, एप्रिलमध्ये नवा उन्हाळ निघाला की वीस किलो एकदम घ्या, जाळीच्या पिशवीत हवेशीर टांगून ठेवा, जमिनीवर किंवा बटाट्याजवळ नको.